ध्रुवावरचं मॉस आणि वाड्याची भिंत

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्यात वनस्पतिशास्त्रात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंटार्क्टिकातल्या मॉसवरून जुन्या काळचं हवामान कळतं असं वाचलं. झाडाच्या खोडात वलयं असतात, बर्फात थर असतात. मॉसला तर धड खोडही नाही. मग त्यावरून तापमान काढतात कसं? आणि पुण्यात राहून या विषयात काही करता येईल का?"

वयाच्या अधिकारानं तुला 'तू' म्हणते. माझी तीसेक वर्षं परागकण आणि मॉस यांच्या नादात गेली. त्यातला एक उन्हाळा अंटार्क्टिकात आणि बाकी सगळा काळ पुण्यात, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून. तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

आधी शब्दाचं निस्तरू. आपण तळ्यातल्या हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतो आणि भिंतीवरच्या मखमलीलाही. पाठ्यपुस्तकं पहिल्याला शैवल म्हणतात आणि दुसऱ्याला हरिता. शब्द गोड आहे, पण प्रयोगशाळेत कुणाच्या तोंडी मी तो ऐकलेला नाही. मी मॉसच म्हणेन.

आता तुझ्या प्रश्नातली मेख. 'तापमान काढतात कसं' असं तू विचारलंस. मॉस तापमान लिहून ठेवत नाही, निदान थेट तरी नाही. त्याला मुळं नाहीत. पाणी वर चढवणाऱ्या नळ्या बहुतेकांना नाहीतच. पॉलिट्रिकमसारख्या थोड्यांना जेमतेम सोय आहे. पानांवर पाणी अडवून धरणारं जाड आवरणही नाही. बाहेर ओल असली की ते ओलं, नसली की कोरडं. ओलं असेपर्यंत श्वास घेतं, अन्न करतं, वाढतं. कोरडं पडलं की दुकान बंद, आणि तेही आपल्यासारखं दुपारी एक ते चार नाही, महिनोन्‌महिने. त्यामुळे मॉसच्या देहात साठतं ते एवढंच: किती दिवस ओल मिळाली, आणि त्या ओल्या दिवसांत ऊब आणि उजेड किती होता. तापमानाविषयी जे कळतं ते या ओलीच्या वाटेनं. हे एकदा डोक्यात बसलं की या विषयातलं निम्मं वाङ्मय सोपं होतं आणि उरलेल्या निम्म्यावर शंका घ्यायला येते.

पुस्तकातून हे पटणार नाही. एप्रिलमध्ये सिंहगडावर जा, किंवा पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या उत्तरेकडच्या भिंतीजवळ उभी राहा. दगडावर काळपट, करपल्यासारखी खपली दिसेल. बाटलीतलं थोडं पाणी त्यावर ओत आणि घड्याळ बघ. आपल्याकडे भिंतींवर हायोफिला इन्व्होल्यूटा हे मॉस फार. कोरडं असताना त्याची पानं आत वळलेली असतात, म्हणून तर ते नाव. पाणी पडलं की काही मिनिटांत पानं उलगडतात आणि खपली हिरवी होते. जूनच्या पहिल्या सरीनंतर एका रात्रीत भिंती हिरव्या झाल्या असं आपण म्हणतो, पण रात्रीतून उगवलेलं काही नसतं. होतं तेच जागं झालेलं असतं.

अंटार्क्टिकातल्या मॉसचं आयुष्य याच्याहून फार वेगळं नाही. त्याचा पावसाळा म्हणजे बर्फ वितळण्याचे काही आठवडे. उरलेलं वर्ष ते बर्फाखाली गोठलेलं किंवा वाऱ्यात सुकलेलं. रुपेरी ब्रायम, म्हणजे ब्रायम अर्जेंटियम, हे तर जगभरच्या शहरांत फुटपाथच्या फटींतून वाढतं आणि अंटार्क्टिकातही सापडतं. इतका सोशिक जीव दुसरा नाही. त्या खंडात सपुष्प वनस्पतींच्या जाती फक्त दोन, एक गवत आणि एक उशीसारखी वाढणारी पर्लवर्ट. मॉसच्या मात्र शंभरावर. तिथलं जंगल म्हणजे हेच, घोट्याएवढ्या उंचीचं.

मॉसकडे जावं लागतं, कारण तापमापकांच्या नोंदी तोकड्या पडतात. आपल्या शिमला ऑफिसमुळे, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातल्या कचेरीमुळे, पुणेकराला वाटतं की हवामानाच्या जुन्या नोंदी म्हणजे कपाटातून काढायची गोष्ट. अंटार्क्टिकाच्या परिसरात सगळ्यांत जुनी सलग नोंद साउथ ऑर्कनी बेटांवरच्या ऑर्काडास स्थानकाची, १९०३ पासूनची. खंडावरची बहुतेक स्थानकं १९४० आणि १९५० च्या दशकांनंतरची. बर्फात नळी उतरवून काढलेले लांब दंडगोल, म्हणजे गाभे, लाखो वर्षं मागं नेतात, पण ते निघतात खंडाच्या आतल्या जाड, थंड बर्फातून. जिथं जीव राहतात त्या किनारपट्टीवर उन्हाळा कसा होता हे विचारायचं तर साक्षीदारही तिथलाच हवा.

तो सापडतो मॉसच्या ढिगांत. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला आणि उत्तरेकडच्या बेटांवर पॉलिट्रिकम स्ट्रिक्टम आणि कोरिसोडॉन्शियम असिफिलम ही दोन मॉस ताठ, दाटीवाटीनं, खांद्याला खांदा लावून वाढतात. टोकं वर सरकतात, खालचा भाग मरतो, पण कुजत नाही. वीस-तीस सेंटिमीटर खाली गेलं की कायमची गोठलेली जमीन लागते आणि जे तिथं पोचलं ते जसंच्या तसं राहतं. एलिफंट बेटावर असा ढीग सुमारे तीन मीटर जाड आहे आणि त्याचा तळ साडेपाच हजार वर्षांच्या आसपासचा आहे. म्हणजे आपल्याकडे जोर्व्याची, इनामगावची माणसं शेती करत होती त्याच्याही कितीतरी आधी त्या ढिगाची सुरुवात झाली.

या ढिगांचा मला सगळ्यात आवडणारा गुण वेगळाच आहे. उत्तर गोलार्धातल्या पीटमध्ये, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांत, गवतं, झुडपं, दहा तऱ्हेची मॉस, वरून घुसलेली मुळं असा सगळा काला असतो. इथं खालपासून वरपर्यंत एक किंवा दोनच जाती, आणि मुळं नाहीतच. तेव्हा गाभ्यात काही बदललेलं दिसलं तर 'जात बदलली म्हणून आकडा बदलला असेल' ही पळवाट उरत नाही. इतका स्वच्छ नमुना निसर्ग क्वचित देतो.

गाभा काढणं हे कष्टाचं काम आहे, त्यात काव्य नाही. दातेरी धातूची नळी फिरवत फिरवत गोठलेल्या ढिगात उतरवायची, आलेला दंडगोल गोठलेलाच ठेवून प्रयोगशाळेत न्यायचा, तिथं काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या करायच्या. पुढचे महिने सूक्ष्मदर्शकाखाली चिमटा घेऊन एकेक काडी वेगळी करण्यात जातात. माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगायचे, तांदूळ निवडायला येत असतील तर हे येईल.

वलयांबद्दलची तुझी शंका रास्त आहे. पॉलिट्रिकमच्या वरच्या भागात पानांची लांबी कमी-जास्त होत जाते आणि त्यावरून थोडीफार वर्षं मोजता येतात. पण खाली दाबलेल्या भागात हा हिशेब टिकत नाही. मग वय काढायचे तीन मार्ग. जुन्या भागासाठी नेहमीचं कार्बन-१४, म्हणजे जीव मेल्यावर ठरावीक वेगानं घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन. शेवटच्या शे-दीडशे वर्षांसाठी शिसं-२१०. हवेतल्या रेडॉनपासून ते बनतं, खाली पडतं आणि दर बावीस वर्षांनी निम्मं होतं. तिसरा मार्ग माणसानं नकळत करून ठेवलेला. १९५० आणि ६० च्या दशकांत हवेत अणुस्फोट झाले, हवेतलं कार्बन-१४ भसकन वाढलं, १९६३ च्या बंदी करारानंतर ते उतरणीला लागलं. दक्षिण गोलार्धात हे शिखर थोडं बुटकं आणि थोडं उशिरा आलेलं आहे, पण मॉसच्या देहात ते लख्ख दिसतं. ज्या चकतीत ते सापडेल ती १९६० च्या दशकाच्या मध्याची. तिथून टोकापर्यंतचं अंतर मोजलं की वाढीचा वेग मिळाला. अणुचाचण्यांचा एवढा निरुपद्रवी उपयोग दुसरा कुठला झाला असेल असं वाटत नाही.

वय लागलं. आता त्या चकतीतून ओल कशी वाचायची ते बघू. इथं जरा सावकाश वाच, कारण चुका इथंच होतात.

हवेतला बहुतेक कार्बन १२ वजनाचा, थोडासा १३ वजनाचा. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) हलका कार्बन जास्त आवडतो. समोर भरपूर कार्बन डायऑक्साइड असेल तर ते निवड करतं, जड कार्बन बाजूला सारतं, आणि मॉसचा देह हलका बनतो. पण मॉस पाण्यात निथळत असेल तर पानाभोवती पाण्याचा पापुद्रा असतो आणि पाण्यातून हा वायू हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. आत टंचाई होते. मंडईत भाजी भरपूर असेल तर आपण निवडून घेतो. बंदच्या दिवशी एकच गाडी आली तर मिळेल ती पिशवीत. टंचाईत विकरही जड कार्बन नाकारत नाही. म्हणून बुडालेलं, फार ओलं मॉस जड आणि कोरडेपणाकडे झुकलेलं मॉस हलकं. पूर्ण कोरडं मॉस काहीच लिहीत नाही, कारण तेव्हा ते कामच करत नाही. ही गोष्ट नवीन मुलं हमखास विसरतात. दहा महिन्यांचा दुष्काळ मॉसच्या वहीत कोरं पान सोडत नाही, ते पानच वहीतून गायब होतं.

मोजायच्या आधी चकतीतून शुद्ध सेल्युलोज काढावं लागतं. आम्लयुक्त सोडियम क्लोराइटनं विरंजन, मग कॉस्टिक सोडा, मग धुणं, मग पुन्हा धुणं. आणि मोजल्यावर एक वजावट करावी लागते. आपण कोळसा आणि तेल जाळून हवेतलाच कार्बन हलका केला आहे. औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत हजारात सुमारे दोननं. ही वजावट न करता आलेख काढला तर शेवटच्या शंभर वर्षांत जगातलं प्रत्येक मॉस 'कोरडं' होताना दिसेल. असा एक आलेख परीक्षक म्हणून माझ्याकडे आला होता. कुणाचा ते सांगत नाही.

सेल्युलोजमधला ऑक्सिजनही बोलतो. मॉस जे पाणी प्यायलं ते वितळलेल्या बर्फाचं की ताज्या पावसाचं, आणि पानावरून किती उडून गेलं, याचा मिळून एक आकडा येतो. दोन गोष्टी एका आकड्यात असल्यामुळे तो सोडवायला कठीण. त्याला मी नेहमी दुय्यम साक्षीदार मानलं. चकत्यांमध्ये कवचधारी अमीबांची कवचंही सापडतात. ओल आणि ऊब वाढली की त्यांची संख्या वाढते. मॉसपेक्षा ही मंडळी चटकन प्रतिसाद देतात.

यातून काय निघालं? द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडे अलेक्झांडर बेटावर लाझारेव्ह उपसागराजवळच्या एका ढिगाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मग २०१७ मध्ये मॅथ्यू अॅम्सबरी आणि सहकाऱ्यांनी एलिफंट, आर्डली आणि ग्रीन या तीन बेटांवरचे पाच गाभे एकत्र मांडले. ही बेटं सुमारे सहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात पसरली आहेत. सगळीकडे गेल्या दीडशे वर्षांत वाढ, जमलेलं वस्तुमान, कार्बनची निवड आणि अमीबांची संख्या यांत बदल दिसला, आणि १९५० नंतर वाढीचा वेग चार-पाच पट झाला. वर्षाला मिलिमीटरभरही न वाढणारं मॉस तीन मिलिमीटरच्या पुढं गेलं.

हा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. मी तो ऐकल्यावर आधी नाक मुरडलं होतं, आणि तूही मुरडावंस. नव्या गादीचा कापूस फुगीर असतो, जुन्या गादीचा बसलेला. तसंच ढिगाचे वरचे काही सेंटिमीटर नेहमीच सैल असतात, खालचे दाबलेले. त्यामुळे हवामान अजिबात बदललं नसलं तरी अलीकडची वाढ लांबीच्या हिशेबात वेगवानच दिसणार. त्यावर उपाय म्हणजे लांबीबरोबर चौरस सेंटिमीटरमागे किती कोरडं वजन जमलं तेही काढायचं, वरच्या भागातली पुढं होणारी थोडीफार कूज हिशेबात धरायची, आणि दाबाशी काही संबंध नसलेले पुरावे शेजारी ठेवायचे. कार्बनला आणि अमीबांना गादी फुगीर आहे की बसकी याचं सोयरसुतक नसतं. या चारही गोष्टी एका दिशेला गेल्या म्हणून तो निष्कर्ष मला पटला. एकट्या वाढीच्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नसता.

२०२४ मध्ये उपग्रहचित्रांवरूनही तेच दिसलं. द्वीपकल्पावरचं हिरवं क्षेत्र १९८६ मध्ये एक चौरस किलोमीटरही नव्हतं, २०२१ मध्ये ते जवळपास बारा झालं. एक लक्षात ठेव, द्वीपकल्पावर १९९० च्या दशकाच्या अखेरीनंतर काही वर्षं तापमानवाढ थबकली होती, तरी हिरवळ पसरत राहिली. हा तिढा तापमापकाच्या बाजूनं बघितला तर सुटत नाही. ओल आणि वाढीचा हंगाम किती लांबतो या बाजूनं बघितलं तर विचित्र वाटत नाही.

आता खंडाच्या दुसऱ्या टोकाला चल. पूर्व अंटार्क्टिकात ऑस्ट्रेलियाच्या केसी स्थानकाजवळ विंडमिल बेटांवर मॉसची मैदानं आहेत. तिथं शॅरन रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं काम करतात. इथं मॉस द्वीपकल्पावरच्या ढिगांएवढं उंच नाही. एकेक कोंब काही सेंटिमीटरचा, वर्षाला साधारण मिलिमीटरभर वाढणारा. अणुस्फोटांच्या खुणेवरून त्यांनी एकेका कोंबाचं वय लावलं, कार्बन मोजला, आणि २०१२ मध्ये मांडलं की तिथं वाढ मंदावली आहे, मॉस कोरडं पडत चाललं आहे. २०१८ च्या पुढच्या लेखात ठरलेल्या चौकटींतल्या जातीच बदलताना दिसल्या. ओल आवडणारं शिस्टिडियम अंटार्क्टिसी मागं पडतंय, कोरडेपणा सोसणारी ब्रायम आणि सेराटोडॉन पुढं सरकतायत. हिरवी मैदानं आधी लालसर आणि मग काळपट-राखाडी झाली. लाल रंग म्हणजे ताणाखालचं संरक्षण, राखाडी म्हणजे मरणपंथ.

एकाच खंडावर एकीकडे हिरवं, एकीकडे करपलेलं. कारण मात्र बरंचसं एकच. ओझोनचं छिद्र आणि हरितगृह वायू यांच्यामुळे खंडाभोवतीचे पश्चिमी वारे जोरात झाले आणि दक्षिणेकडे सरकले. द्वीपकल्पावर त्यांनी ऊब आणि ओल आणली, केसीच्या बाजूला थंड, कोरडा वारा वाढवला. तिथलं तापमान फारसं बदललेलं नसतानाही मॉस मरत होतं. 'तापमान कसं काढतात' हा प्रश्न का अपुरा आहे ते इथं कळतं. केसीच्या मॉसला तापमान विचारलं असतं तर 'विशेष काही नाही' असं उत्तर आलं असतं.

आणखी एक सावधगिरी. केसीला कार्बन हलका होणं म्हणजे कोरड पडणं. द्वीपकल्पाच्या ढिगांत हाच कल वाढीला परिस्थिती अनुकूल झाल्याची खूण म्हणून वाचला गेला. जात वेगळी, उतार वेगळा, पाण्याची सवय वेगळी. तेव्हा जिवंत मॉसवर मोजमाप केल्याशिवाय मेलेल्या मॉसचा अर्थ लावू नये. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलंय की माझ्या एका विद्यार्थ्यानं ते फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलं होतं.

मेलेल्या मॉसचा अगदी वेगळा उपयोग उत्तर ध्रुवाकडे झाला. कॅनडाच्या बॅफिन बेटावर बर्फाच्या टोप्या मागं हटतात तेव्हा त्यांच्या कडेला जागच्या जागी गाडली गेलेली मॉस उघडी पडतात. त्यांचं वय म्हणजे बर्फानं त्यांना झाकलं ते वर्ष. गिफर्ड मिलर यांच्या चमूनं २०१२ मध्ये दाखवलं की अशी पुष्कळ वयं १२७५ ते १३०० आणि १४३० ते १४५५ या दोन टप्प्यांत दाटली आहेत. छोटं हिमयुग, म्हणजे मध्ययुगाच्या अखेरीपासूनची काही शतकांची थंडी, रांगत रांगत आलं नाही, झटक्यांनी आलं. पहिल्या झटक्याच्या वेळी इकडे आपल्या देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करत होता.

आणि मेलेली म्हणतेय ती सगळी मेलेली असतात असंही नाही. कॅनडातल्याच एल्समियर बेटावर टीअरड्रॉप हिमनदीखालून बाहेर आलेली, चारशे वर्षं बर्फाखाली असलेली मॉस कॅथरीन ला फार्ज यांनी कुंडीत लावली, ती फुटली. साउथ ऑर्कनीतल्या सिग्नी बेटावरचा गाभा तर आणखी पुढचा. मीटरभराहून खोल, दीड हजारापेक्षा जास्त वर्षं गोठलेल्या कोरिसोडॉन्शियमला २०१४ च्या प्रयोगात काही आठवड्यांत नवे कोंब आले, तेही बाहेरून बी-बीजाणू न घालता. हा मजेचा भाग झाला, पण त्याला कामाची बाजूही आहे. खालच्या थरातलं मॉस पुन्हा वाढू शकत असेल तर त्या थराचं वय लावताना नवा कोंब चुकून नळीत जाणार नाही हे पाहावं लागतं.

आपल्या स्थानकांकडे येते. मैत्री आहे शिर्माकर ओअॅसिसमध्ये, १९८९ पासून. भारती आहे लार्समन टेकड्यांत, २०१२ पासून. दोन्ही पूर्व अंटार्क्टिकात. स्पष्ट सांगते, तिथं मीटर-मीटर जाडीचे ढीग नाहीत. खडकांच्या आडोशाला, वितळपाण्याच्या ओहोळांकाठी तळहाताएवढ्या उशा आहेत. भारतीजवळच मिळालेल्या एका मॉसचं २०२१ मध्ये ब्रायम भारतीएन्सिस असं नामकरण झालं. पंजाबच्या केंद्रीय विद्यापीठातल्या संशोधकांचं ते काम. या उशा केसीच्या पद्धतीनं वाचता येतात, म्हणजे काही दशकांपुरत्या. त्याहून मागं जायचं तर शिर्माकरमधल्या शंभराहून जास्त तळ्यांचा गाळ आहे. तळ्यातल्या मॉसबाबत मात्र फसगत होते. पाण्यात विरघळलेला जुना कार्बन ते घेतं आणि वय उगाच म्हातारं येतं. शक्य तिथं जमिनीवरचंच मॉस वापर.

मी तिथं गेले तेव्हा पहिले दोन दिवस मला मॉस दिसलंच नाही. करडे खडक, करडी वाळू, कानात वारा. तिसऱ्या दिवशी दुपारी गुडघे टेकून बसले आणि सिंहगडावरची तीच करपलेली खपली समोर. ओंजळभर वितळपाणी घातलं. पुढं काय झालं ते तुला माहीत आहे.

त्या सफरीतले माझे निम्मे नमुने मी पुढं गमावले. परतल्यावर एका प्रयोगशाळेच्या शीतपेटीत ते ठेवले होते. गुरुवार होता, दुरुस्तीसाठी वीज गेली, जनरेटरची तार कुणीतरी दुसऱ्याच यंत्राला जोडलेली, आणि पुढं लागून दिवाळीची सुट्टी. आम्ही परतलो तेव्हा पिशव्यांत बुरशीची पांढरी जाळी. तिनं मॉसचं सेल्युलोज खायला सुरुवात केली होती, म्हणजे कार्बनचे आकडे गेले. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग मी गोठवून आणि अर्धा वाळवून ठेवते, वेगवेगळ्या इमारतींत. वाळलेल्या मॉसला वीज लागत नाही.

पुण्यात राहून काय करता येईल? माझ्या मते सुरुवात इथंच करावी. मॉस ओळखायला शिकल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आपल्याकडे आहे, त्यांच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, बसायची परवानगी माग. आघारकर संस्था तुझ्या दारात आहे. पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनचं काम पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत चालतं. कार्बन-१४ मोजायची त्वरक यंत्रं दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत आहेत. जुन्या परागकणांसाठी लखनौची बिरबल साहनी संस्था. अंटार्क्टिकाच्या मोहिमा आणि उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं हिमाद्री स्थानक यांचा कारभार गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्री संशोधन केंद्राकडून चालतो. प्रस्ताव तिथं जातो. एक नक्की समज: तिथलं मॉस हातात आलं म्हणून खिशात घालायचं नसतं. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठीचा १९९१ चा माद्रिद करार आहे, २०२२ चा आपला स्वतःचा अंटार्क्टिक कायदा आहे, आणि परवान्याशिवाय काडीही उचलता येत नाही. ग्रीन बेट तर मुख्यत्वे मॉसच्या ढिगासाठीच संरक्षित केलेलं आहे.

प्रबंधाला विषय हवा असेल तर एक सुचवते. ताम्हिणी, मुळशी, सिंहगड आणि वेताळ टेकडी, म्हणजे घाटमाथ्यापासून शहरापर्यंत पाऊस झपाट्यानं कमी होत जातो. या रेषेवर एकाच जातीचं मॉस सगळीकडे शोध. प्रत्येक ठिकाणी ते वर्षात किती दिवस ओलं राहतं ते मोज, आणि त्याच्या टोकांतला कार्बन मोज. पावसाप्रमाणे कार्बन सरकतो का, की भिंतीच्या दिशेनं आणि सावलीनं जास्त सरकतो? माझा अंदाज, सावली जिंकेल. तसं निघालं तर अंटार्क्टिकाच्या आकड्यांकडे बघायची तुझी नजर बदलेल, कारण तिथंही नमुने घेणारे उताराच्या दिशेची नोंद नीट करतातच असं नाही. शिवाय मॉसच्या उशीत अडकलेले परागकण मोजलेस तर आजूबाजूच्या झाडांचा हिशेबही त्याच नमुन्यात मिळेल.

खर्च फार नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा, वाढ मोजायला वाकवलेली पातळ तार, ओल नोंदवणारी चार-पाच छोटी यंत्रं. कार्बनसाठी पैसे लागतील, ते पुढं बघू. पण खुणा मेअखेरीच्या आत लावून ठेव. पाऊस सुरू झाल्यावर गेलीस तर सगळंच हिरवं दिसेल आणि कुठलं आधीपासून होतं ते कळणार नाही. गडावर खिळे ठोकू नकोस, पुरातत्त्व खात्याचा माणूस ओरडतो. दोरा आणि मेणरंग पुरतो.